खेळाडूविना गंजिफा

काही वर्षांपूर्वी शहरात भरलेल्या एका हस्तकला प्रदर्शनातून आम्ही दशावतारी गंजिफांचा एक संच विकत घेतला. रंगवलेली लाकडी पेटी, सरकते झाकण आणि आत १२० गोल पाने. महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात ती पेटी उघडली तेव्हा सगळेच टेबलाभोवती जमले. प्रत्येकाने पाने हातात घेतली, मत्स्य-कूर्म-वराह ओळखले, रंगांची तारीफ केली. मग कोणीतरी सहज विचारले, "पण हे खेळायचे कसे?" एकालाही उत्तर देता आले नाही. मराठी साहित्य शिकवण्यात वीस-वीस वर्षे घालवलेली आम्ही माणसे. सोंगट्या, बुद्धिबळ आणि गंजिफा ही नावे जुन्या वाङ्मयात एका दमात वाचत आलो होतो. त्यांपैकी तिसरे नाव आमच्यासाठी केवळ शब्दार्थाच्या टीपेपुरते उरले होते, हे त्या दुपारी कळले.

प्रस्तुत लेखाचा उगम त्या प्रश्नात आहे. मरणपंथाला लागलेल्या हस्तकला जगवल्या पाहिजेत, याविषयी आज दुमत नाही. परंतु जगवायचे म्हणजे नेमके काय जगवायचे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. गंजिफांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी विशेष उपयोगी आहे. कारण ही कला मेलेली नाही, आणि तरीही तिचे काहीतरी मोलाचे हरवले आहे.

'गंजिफा' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. हिंदुस्थानातील या खेळाचा सर्वात जुना निःसंदिग्ध उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. १५२७ साली सिंधमधील शाह हसन याने गंजिफांची मागणी केल्यावरून बाबराने त्या त्याच्याकडे पाठवल्या, अशी ती नोंद आहे. अकबराच्या काळापर्यंत खेळ दरबारात इतका रुजला होता, की अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त त्याच्यासाठी स्वतंत्र जागा दिली. अश्वपती, गजपती, नरपती अशा अधिपतींच्या नावांचे बारा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, असा १४४ पानांचा जुना संच तो सांगतो. त्याखेरीज आठ रंगांचा, ९६ पानांचा संच होता. ताज, शमशेर, गुलाम, बरात, किमाश अशी त्यांतील रंगांची नावे पाहिली, की खजिना, शस्त्रागार, सेवकवर्ग, दफ्तर अशी राज्यकारभाराची खातीच डोळ्यांसमोर उभी राहतात. प्रत्येक रंगाला एक राजा, एक वजीर आणि खाली एक ते दहा अशी दहा पाने. सारे राज्य हातात मावेल एवढे करून मांडलेले!

पुढच्या काळात या रचनेचे जे रूपांतर झाले ते साहित्याच्या अभ्यासकाला फार ओळखीचे वाटावे. खात्यांच्या जागी विष्णूचे अवतार आले. आठाचे दहा रंग झाले, ९६ ची १२० पाने झाली. मात्र आतला सांगाडा तसाच राहिला. मत्स्य हा आता त्याच्या रंगाचा राजा झाला आणि त्याच्या शेजारी एक प्रधान उभा राहिला. पुराणात मत्स्यावताराला प्रधान नाही; पण खेळाला तो हवा होता, म्हणून तो आला. परक्या चौकटीत आपला आशय बसवायचा आणि बसवताना दोन्ही थोडे थोडे बदलायचे, ही प्रक्रिया आपण मराठी भाषेच्या इतिहासातही पाहतो. बखरींच्या गद्यात फारसी शब्द आणि मराठी वाक्यरचना जशा एकमेकांत मुरल्या, तसाच हा प्रकार आहे. नववा अवतार तर प्रदेशानुसार रूप पालटतो. ओरिसातील गंजिफांत बुद्धाच्या जागी जगन्नाथ येतो. आपल्याकडे पंचांगांवरील दशावतारांच्या चित्रांत त्याच स्थानी विठोबा दिसतो, हे येथे आठवावे.

सावंतवाडी संस्थानात ही कला अठराव्या शतकात, तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत आली असे परंपरा सांगते. तेलंगणातून आलेल्या विद्वानांनी तिची ओळख करून दिली, अशीही कथा आहे. कथा कशीही असो, येथे तिला तयार हात मिळाले. चितारी मंडळी लाकूड रंगवण्यात आणि लाखकामात तरबेज होती. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे आणि खेळणी, रंगीत पाट, देव्हारे हे त्यांचे काम. सावंतवाडीची चितारआळी आजही त्याच नावाने ओळखली जाते. दशावतारी नाटकांचा हा मुलूख. येथल्या खेळाडूला पानांवरील अवतारांची ओळख करून देण्याची गरज नव्हती.

पान तयार करण्याची जुनी रीत कष्टाची होती. सुती कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, वाळवायचे, त्यावर पांढरा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचे, मग गोल चकत्या कापायच्या, रंगवायच्या आणि लाखेचा हात देऊन पक्क्या करायच्या. हे एका पानाचे झाले. अशी १२० पाने एका मापाची, एका जाडीची व्हायला हवीत. येथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. या साऱ्या कष्टांमागे सौंदर्याची ओढ होतीच, पण तिच्याआधी खेळाची निकड होती. पान सतत हाताळले जाणार, पिसले जाणार, जमिनीवर आपटले जाणार, म्हणून लाख. पानाला वरची बाजू आणि खालची बाजू नसावी, कसेही हातात आले तरी चटकन वाचता यावे. त्यासाठी गोल आकार सोयीचा. प्रत्येक अवताराच्या रंगाची पार्श्वभूमी वेगळी, कारण हातात पंख्यासारखी धरलेली पाने दुरून ओळखू आली पाहिजेत. सातव्या आणि आठव्या पानावरची चिन्हे अशी रचलेली, की मोजत बसावे लागू नये. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे पाठ. सर्व पानांची पाठ तंतोतंत सारखी हवी. एका पानाच्या पाठीवर जरासा डाग असला, तरी ते पान कोणाकडे आहे हे समोरच्याला कळले; म्हणजे संच फुकट गेला.

खेळाचे नियमही पाहण्यासारखे आहेत. साधारणपणे तिघे खेळतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात. दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने उतारी करायची, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने. हुकमाचा रंग नाही. अर्ध्या रंगांत राजा-प्रधानांखालोखाल दहाचे पान मोठे आणि एक्का सर्वात लहान. उरलेल्या अर्ध्या रंगांत क्रम उलटा, तेथे एक्का मोठा आणि दहा सर्वात लहान. कोणती पाने पडून गेली आणि कोणत्या रंगात आता कोणते पान सर्वात वरचढ आहे, हे प्रत्येकाने मनात धरून ठेवायचे. म्हणजे हा दैवाचा कमी आणि स्मरणशक्तीचा अधिक खेळ. गिरिधर नावाच्या कवीने संस्कृतात 'गंजीफाखेलनम्' रचले, यावरून विद्वानांनाही या खेळाचे वावडे नव्हते असे दिसते.

आता या कलेच्या वर्गरचनेकडे वळू. गंजिफांचे अभ्यासक 'दरबार कलम' आणि 'बाजार कलम' असा भेद करतात. दरबार कलम म्हणजे राजेरजवाड्यांसाठी केलेले बारीक, नखरेल काम. प्रसंगी हस्तिदंतावर किंवा कासवाच्या पाठीच्या चकत्यांवरही. बाजार कलम म्हणजे सामान्य खेळाडूंसाठी झपाट्याने रंगवलेली स्वस्त पाने. चार फटकाऱ्यांत मासा, दोन फटकाऱ्यांत परशू. आजच्या नजरेला ती ओबडधोबड वाटतील. परंतु खेळ ज्यांनी जिवंत ठेवला ते लोक हीच पाने खेळत होते, आणि बहुसंख्य चिताऱ्यांचे पोटही याच पानांवर चालत असणार. एखाद्या भाषेतील अभिजात ग्रंथ आणि तिचे रोजचे बोलणे यांचे जे नाते, तेच दरबार कलम आणि बाजार कलम यांचे.

एकोणिसाव्या शतकात युरोपात यंत्रावर छापलेले बावन्न पानांचे जोड आपल्या बाजारपेठांत येऊ लागले. बेल्जियममधील टर्नहाउटसारख्या गावांत हिंदुस्थानसाठी पत्ते छापले जात. ते स्वस्त होते, हातात सहज मावत होते, रंग चारच होते आणि पान हरवले तर नवा जोड घेणे परवडत होते. या माऱ्यापुढे प्रथम कोण पडले असेल? दरबारी काम नव्हे. हौसेने पैसे मोजणारा आश्रयदाता छापील पत्त्यांमुळे लगेच नाहीसा होत नाही. प्रथम गेला तो बाजार. आणि बाजार गेल्यावर खेळ गेला. संस्थानी आश्रय पुढे काही काळ टिकला. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तोवर गंजिफा रंगवू शकणारे हात बोटांवर मोजण्याइतके राहिले होते.

याच सुमारास देशभर हस्तकलांकडे पाहण्याची दृष्टी बदलत होती. आनंद कुमारस्वामी यांचे भारतीय कारागिरांवरील पुस्तक १९०९ सालचे. त्यात मांडलेली कारागीर आणि समाज यांच्या एकात्मतेची कल्पना पुढे अनेकांना प्रेरक ठरली. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याची धुरा सांभाळली. सावंतवाडीत हे काम राजवाड्यातूनच सुरू झाले. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चितारी घराण्यातील एका वृद्ध कारागिराकडून ही विद्या हस्तगत करण्याचा ध्यास घेतला. सत्वशीलादेवी स्वतः ती शिकल्या, आणि मग राजवाड्यातच इतरांना शिकवण्याची सोय झाली. दरबार हॉलमध्ये बसून पाने रंगवणारे कारागीर पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले. शिवरामराजे १९९५ मध्ये आणि सत्वशीलादेवी २०१८ मध्ये निवर्तल्या. काम मात्र चालू राहिले आहे.

या कार्याचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. एका म्हाताऱ्या माणसाबरोबर संपून जाऊ शकणारी विद्या त्यांनी पुढच्या पिढीच्या हातात दिली. एरवी घराण्याच्या उंबरठ्याआड राहणारी कला शिकू इच्छिणाऱ्या बाहेरच्यांनाही खुली झाली, हीदेखील सामाजिकदृष्ट्या लहान गोष्ट नव्हे. संग्राहक आणि संशोधक यांचेही ऋण मानले पाहिजे. मुंबईत राहून कलासमीक्षा करणारे जर्मन वंशाचे रुडॉल्फ फॉन लायडन यांनी आयुष्यभर गंजिफा गोळा केल्या, खेळाच्या रीती टिपल्या आणि १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील संग्रहाच्या निमित्ताने भारतीय गंजिफांचा सर्वांगीण परिचय लिहिला. अशी माणसे नसती तर आमच्यासारख्यांना आज नियमही सापडले नसते.

तरीही प्रश्न उरतोच. जगले ते काय? जगली ती दरबार कलम. ज्या बाजार कलमेने खेळ पोसला तिला कोणी आश्रयदाता मिळाला नाही. मिळणे शक्यही नव्हते, कारण तिचा आश्रयदाता खेळाडू होता. आज गंजिफा विकत घेणारा माणूस ती खेळण्यासाठी घेत नाही. तो ती चौकटीत बसवून भिंतीवर लावतो, भेट म्हणून देतो किंवा आमच्यासारखा पेटी कपाटात ठेवतो. हा ग्राहक आदरणीय आहे, त्याच्यामुळे कारागिराची चूल पेटते. परंतु तो कारागिराची चूक काढू शकत नाही.

आमच्या मते या सगळ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. खेळाडू हा कारागिराचा ग्राहक होता, तसाच समीक्षकही होता. चिन्हे दाटीने काढली, तर तो म्हणे, वाचता येत नाही. लाख कमी पडली, तर महिन्याभरात पान घेऊन परत येई. पाठीचे रंग जुळले नाहीत, तर संच नाकारी. अशा शेकडो नाकारण्यांतून पानाचे रूप ठरत गेले. खेळाडू गेल्यावर ही शिस्त लावणारे कोणी उरले नाही. उरली ती फक्त डोळ्याची पसंती. आणि डोळ्याला नेहमी थोडे जास्तच हवे असते. जास्त सोने, जास्त वेलबुट्टी, जास्त बारकावे.

याच्या शेजारी पैठणी ठेवून पाहावी. तिच्यावरही संकटे आली, आजही आहेत. यंत्रमागावरच्या नकला बाजारात सर्रास मिळतात. २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी नकला थांबल्या नाहीत. परंतु येवल्याचे माग चालू आहेत, कारण लग्नात पैठणी नेसली जाते. नेसणारी बाई पदर उलटून मागची बाजू पाहते, काठ चिमटीत धरते, वजन अजमावते आणि आईच्या पैठणीशी ताडून पाहते. विणकराला तिची भीती आहे. मानांकन नावाचे रक्षण करते. गुणाचे रक्षण मात्र ही भीतीच करते. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूला असा रोजचा पारखी उरला नाही. ज्या पोशाखांसाठी ते विणले जाई ते अंगावरून उतरले आणि कापडाची रया गेली. कौशल्याच्या दृष्टीने हिमरू कुठेही उणे नव्हते.

कोणी म्हणेल, मग काय करावे? जग बदलले, १२० पानांचा खेळ आज कोण खेळणार? हा आक्षेप खरा आहे, आणि खेळ पुन्हा घरोघर रुजेल अशी भाबडी आशा आम्हीही धरत नाही. शिवाय आम्हाला बोलण्याचा अधिकार तरी किती? साहित्याच्या अध्यापनात आम्ही वेगळे काय करतो? महानुभाव गद्याच्या संहिता शुद्ध करतो, पाठभेद नोंदवतो, प्रस्तावना लिहितो, अभ्यासक्रमात एक उतारा लावतो. आणि परीक्षेपलीकडे तो कोणी वाचत नाही. तेही एक प्रकारचे पेटीबंद जतन आहे. ज्या भाषेत कोणी आपली चूक काढत नाही, त्या भाषेत लिहिणारे हळूहळू नुसते नटवे लिहू लागतात. म्हणून गंजिफांविषयी लिहिताना आमचा रोख कारागिरांवर नाही. तो वापरणाऱ्यांवर, म्हणजे स्वतःवर आहे.

निदान एवढे करता येईल, असे ठरवून आम्ही त्या संचाने खेळायला बसलो. नियम कागदावर उतरवून घेतले. पहिल्या दिवशी एक डाव संपायला अडीच तास लागले आणि कोणत्या रंगात एक्का मोठा यावरून दोघांचे जोरदार भांडण झाले. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत मात्र आम्ही पानांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. प्रदर्शनात ज्या वेलबुट्टीवर आम्ही भाळलो होतो, तिच्यामुळेच कूर्माचे आठ आणि नऊ ओळखायला वेळ लागत होता. काही पानांच्या पाठीवर लाखेचे ओघळ होते, आणि कुठला ओघळ कोणत्या पानाचा हे आम्हाला पाठ झाले होते. संच सुंदर होता. खेळायला तो अपुरा होता. हे आम्हाला खेळल्याशिवाय कधीच कळले नसते.

पुढे पावसाळ्यात खिडकीजवळ राहिलेले वामनाचे सातवे पान भिजून फुगले. एका पानावाचून सगळा संच अडला. चौकशी करत आम्ही गंजिफा रंगवणाऱ्या एका कारागिराला गाठले आणि फक्त एक पान करून द्याल का, असे विचारले. ते चकित झाले. पूर्ण संचाची मागणी येते, चौकटीसाठी दहा राजांची येते, लग्नपत्रिकेसाठी नक्षीची येते. सुटे सातवे पान त्यांच्याकडे कोणी मागितले नव्हते. "एकच कशाला हवे?" त्यांनी विचारले. "खेळताना कमी पडते," आम्ही म्हणालो.

त्यांनी नमुन्यासाठी आमचे दुसरे एक पान मागून घेतले. पुढची बाजू त्यांनी ओझरती पाहिली. मग पान उलटे करून, उजेडात धरून ते बराच वेळ त्याची पाठ न्याहाळत राहिले.